कच्छमध्ये सागरी जीवाश्म शोधायला गटाने जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे : पुण्यातील वीस-बावीस जणांचा एक भटकंती गट, ज्यात शाळकरी मुलेही आहेत आणि निवृत्त मंडळीही, प्राचीन समुद्रातील जीवाश्म स्वतःच्या डोळ्यांनी शोधण्यासाठी सहल काढू इच्छितो. कुठे जावे, केव्हा जावे, काय सोबत घ्यावे, काय सापडेल आणि सापडलेले घरी आणता येईल का, हे त्यांना विचारायचे आहे.

सर्वप्रथम ठिकाणाविषयी. सागरी जीवाश्मांसाठी महाराष्ट्रात हिंडण्यात अर्थ नाही. राज्याचा बहुतांश भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्ह्याच्या थरांखाली झाकला गेला असून, त्या थरांच्या मधल्या गाळात जे अवशेष मिळतात ते प्रामुख्याने गोड्या पाण्यातील गोगलगायींचे आणि वनस्पतींचे असतात. गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यातील वडधमचे जीवाश्म उद्यान अवश्य पाहण्यासारखे आहे, परंतु तेथील अश्मीभूत लाकूड आणि डायनोसॉरचे अवशेष जमिनीवरच्या जगातले आहेत. पुण्या-मुंबईहून रेल्वेने रात्रभराच्या प्रवासात गाठता येणारा आणि नवख्या माणसालाही पहिल्याच दिवशी काहीतरी दाखवणारा खरा समुद्र म्हणजे कच्छ. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, बाघच्या आसपास, क्रिटेशस (ज्युरासिकनंतरच्या) काळातल्या समुद्राच्या चुनखडीत सागरी साळिंदर (सी-अर्चिन), कालवे आणि काही अमोनाइट (गोल वेटोळ्यांच्या कवचाचे, आता नामशेष झालेले सागरी प्राणी) मिळतात, मात्र तिथले खडक नवख्यांशी इतके मोकळेपणाने बोलत नाहीत. पहिली सहल कच्छचीच असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कच्छ असे का, हे समजून घेतल्याशिवाय तिथे जाऊ नये, कारण ते समजले की पायाखालचा उतार वाचता येतो. ज्युरासिक काळात गोंडवन हा दक्षिणेकडचा महाखंड फुटू लागला, भारत आणि मादागास्कर एका बाजूला व आफ्रिका दुसऱ्या बाजूला अशी फट पडत गेली आणि त्या फटीतून समुद्र आत शिरला. भारताच्या पश्चिम काठावरचे कच्छचे खोरे त्या समुद्राखाली कोट्यवधी वर्षे राहिले. म्हणूनच कच्छमधील अनेक अमोनाइटांचे सख्खे नातेवाईक मादागास्करमध्ये मिळतात. हा समुद्र उत्तरेकडे टेथिस महासागराला जोडलेला होता आणि त्या महासागराच्या भारताकडच्या काठचा गाळ आज हिमालयात उचलला गेला आहे. आपल्या देवघरातला शाळिग्राम नेपाळमधील काली गंडकीच्या पात्रातून येतो, आणि तो ज्युरासिकच्या अखेरच्या काळातल्या अशाच एखाद्या अमोनाइटाभोवती घट्ट झालेला गोटा असतो. व्हिर्गॅटोस्फिंक्टिस ही अमोनाइटांची प्रजाती हिमालयातील स्पिती शेलमध्येही (शेल म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक) आहे आणि कच्छमध्येही. गटातील ज्येष्ठांना हा धागा आधी सांगितला तर ते मुलांपेक्षा अधिक उत्साहाने वाकून पाहू लागतात, असा माझा नेहमीचा अनुभव आहे.

कच्छच्या मुख्य भूभागाच्या उत्तर कडेने जुमारा, नारा, कीरा, झुरा आणि हाबो अशा घुमटाकार टेकड्यांची एक रांग आहे. खालून दाब येऊन येथील थर वर फुगले आणि नंतर माथा झिजून गेला. त्यामुळे घुमटाच्या मध्यभागी सर्वांत जुना थर उघडा पडला आहे आणि मध्यापासून बाहेर चालत जाल तसतसे आपण नव्या काळाकडे जाता. मध्यभागी पांढरट-पिवळी चुनखडी, तिच्याभोवती सुमारे साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीचे करडे शेल व अधूनमधून चुनखडीचे पट्टे, त्यांच्यावर ढोसा ऊलाइट हा गंजासारख्या तांबूस रंगाचा कठीण थर, आणि त्यापलीकडे कात्रोल व भूजच्या नव्या खडकांचा विस्तार, असा क्रम दिसतो. गटाला नकाशा देऊन घुमटाच्या मध्यापासून बाहेर चालायला लावावे. व्याख्यान न देताही अर्धा तास पायी चालून स्तरशास्त्राचा पहिला नियम, खालचा थर जुना आणि वरचा नवा, अंगवळणी पडतो.

यांपैकी ढोसा ऊलाइट या थराचे वर्णन जरा सविस्तर करणे भाग आहे, कारण आपल्या सहलीचे यश बहुधा त्यावरच अवलंबून राहील. हा थर फक्त काही मीटर जाडीचा आहे. लोहयुक्त लेप चढलेले बारीक गोल दाणे भिंगाखाली स्पष्ट दिसतात, आणि त्या दाण्यांमध्ये अमोनाइट, बेलेम्नाइट (माकुळासारख्या नामशेष प्राण्याचा शरीरातला कठीण दांडा), ब्राकिओपॉड (शिंपल्यासारखा दिसणारा पण वेगळा सागरी प्राणी) व शिंपले एकमेकांवर रचल्यासारखे सापडतात. सुमारे सोळा कोटी वर्षांपूर्वी येथे समुद्रतळावर गाळ अत्यंत मंदगतीने साचत होता. गाळ थोडा आणि काळ मोठा, त्यामुळे अनेक पिढ्यांचे कवच एकाच पातळ थरात गोळा झाले. याच कारणाने त्यांपैकी बरेच नमुने तुटके, घासलेले किंवा इतर जीवांनी पोखरलेले असतात, कारण ती कवचे झाकली जाण्यापूर्वी दीर्घ काळ तळावर उघडी पडून होती. तेव्हा तुटका नमुना हाती आला की 'खराब निघाला' म्हणून तो टाकू नये, त्याची मोडतोड हीच त्याची माहिती आहे.

आता हाती आलेला अमोनाइट कसा पाहावा, याविषयी. कच्छमधील बहुतेक अमोनाइटांचे मूळ कवच विरघळून गेलेले असते आणि आत भरलेल्या गाळाचा साचा तेवढा शिल्लक असतो. हे दुर्दैव नाही. कवच गेल्यामुळेच आतल्या कप्प्यांच्या भिंती जिथे बाहेरच्या कवचाला जोडलेल्या होत्या तिथली रेषा उघडी पडते, आणि ती कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारखी नागमोडी कातरलेली असते. नमुना उन्हात तिरका धरून आतल्या वेटोळ्यापासून बाहेर येत त्या रेषा मोजत जा. एका ठिकाणी त्या अचानक थांबतील. त्यापुढचा गुळगुळीत भाग म्हणजे प्राण्याचे शरीर जिथे राहत असे ते शेवटचे दालन होय, तर मागचे सगळे कप्पे वायू आणि पाणी भरून तरंगण्यासाठी होते. रेषा अगदी तुटलेल्या टोकापर्यंत जात असतील, तर शेवटचे दालन गेले आहे आणि जिवंत प्राण्याचे कवच हातातल्या तुकड्यापेक्षा बरेच मोठे होते, असा निष्कर्ष काढता येतो. एवढे एक निरीक्षण प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहिले तरी सहल वसूल होते.

बेलेम्नाइट ओळखणे सोपे आहे : एका टोकाला निमुळता, गोल छेदाचा, गुळगुळीत दगडी दांडा, आणि तुटलेल्या तोंडावर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या स्फटिकांच्या रेषा. ब्राकिओपॉड आणि शिंपला यांत नवखे गोंधळतात. शिंपल्याच्या दोन झडपा साधारणतः एकमेकींचे आरशातले प्रतिबिंब असतात, मात्र एकेक झडप मध्यातून दुभागली तर दोन बाजू सारख्या नसतात. ब्राकिओपॉडचे उलट असते : दोन झडपा आकाराने वेगळ्या, पण प्रत्येक झडप मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी. मुलांना एवढा एक निकष दिला की ती स्वतःहून ढिगारे वेगळे करू लागतात. दुसरीकडे, गोल गोटे हाती घेऊन 'डायनोसॉरचे अंडे सापडले' अशी आरोळी प्रत्येक गटात एकदा तरी ठोकली जातेच. ते बहुधा शेलमध्ये खनिजे गोळा होऊन बनलेले गोळे असतात. तरीही त्यांकडे दुर्लक्ष करू नये, कारण कधीकधी अशाच गोळ्याच्या पोटात अमोनाइट असतो.

शोधण्याच्या पद्धतीविषयी माझे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल : गटाची खरी ताकद त्याचे डोळे आहेत आणि खरा धोका त्याचे हात. चाळीस डोळे एका उतारावर फिरले तर एकट्या तज्ज्ञाला जे दिवसभरात दिसणार नाही ते तासाभरात दिसते. परंतु तेच चाळीस हात जर प्रत्येक वस्तू उचलून खिशात घालू लागले, तर संध्याकाळी हॉटेलच्या टेबलावर सुंदर दगडांचा ढीग असतो आणि त्यातला एकही कोणत्या थरातून आला हे कोणालाच सांगता येत नाही. थर न सांगता येणारा जीवाश्म शोभेची वस्तू होतो. ही केवळ शिस्तीची बाब नाही. कच्छच्या अमोनाइटांवर पहिले मोठे काम विल्हेल्म वागेन यांनी १८७३ ते १८७५ या काळात प्रसिद्ध केले. त्याआधी १८७२ मध्ये आर्थर विन यांचे कच्छच्या भूशास्त्रावरील विवेचन नकाशासह आले होते, आणि फर्डिनांड स्टोलिच्का यांनी क्षेत्रात फिरून थरांनुसार नमुने गोळा केले होते. वागेन यांचा अभ्यास मुख्यतः या दोघांच्या संग्रहावर उभा राहिला. पुढे एल. एफ. स्पाथ यांनी लंडनमध्ये १९२७ ते १९३३ या काळात संपूर्ण संग्रहाची फेरतपासणी करून मोठ्या संख्येने नव्या जाती नोंदवल्या. त्यानंतरच्या अभ्यासकांनी, विशेषतः जादवपूर विद्यापीठातील संशोधकांनी, त्यांपैकी कित्येक जोड्या वेगवेगळ्या जातींच्या नसून एकाच जातीचे मोठे व लहान कवच, म्हणजे बहुधा मादी व नर, असल्याचे दाखवून दिले. लहान आणि मोठे कवच एकाच थरात एकत्र सापडतात, हे माहीत असल्याशिवाय असा युक्तिवाद करताच येत नाही. म्हणून नोंद महत्त्वाची.

त्यासाठी गटाचे तिघांचे संच करावेत. एकाने पाहावे, दुसऱ्याने जागेवरच छायाचित्र घ्यावे आणि तिसऱ्याने वहीत लिहावे. दर तासाला कामे बदलावीत, नाहीतर लिहिणाऱ्याच्या कपाळी आठ्या पडतात. छायाचित्रात मोजपट्टी असावी. ती नसेल तर दहा रुपयांचे नाणे ठेवावे, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. प्रत्येक जागेची दोन छायाचित्रे काढावीत, एक जवळून आणि एक दहा पावले मागे जाऊन उतारासकट, कारण जवळच्या छायाचित्रातून थर कधीच ओळखता येत नाही. मोबाइलमधील अक्षांश-रेखांश वहीत हाताने उतरवून घ्यावेत.

उतारावर शोध नेहमी खालून सुरू करावा. पाऊस थरांतून सुटलेले तुकडे घळीत आणून टाकतो. तळाशी एक तुकडा दिसला की त्याच घळीने वर चढत जावे आणि तसेच तुकडे कुठपर्यंत मिळतात हे पाहावे. ज्या उंचीच्या वर ते एकदम मिळेनासे होतात, तिथेच त्यांचा मूळ थर आहे. हे तंत्र साधे आहे, पण त्यात जी मजा आहे ती ढिगाऱ्यातून दगड निवडण्यात नाही. सकाळी लवकर आणि दुपारी चारनंतर ऊन तिरके पडते, तेव्हा कवचावरच्या बरगड्यांच्या सावल्या उठून दिसतात. भर दुपारी सगळाच उतार सपाट भासतो, तेव्हा ती वेळ जेवणाला आणि नोंदी पुऱ्या करायला द्यावी.

हातोडा संपूर्ण गटात एकच असावा आणि तो मार्गदर्शकाकडे राहावा. ढोसाचा थर कठीण असतो, घाव घातला की खडक जीवाश्माच्या कडेने न फुटता त्यातूनच फुटतो, आणि उडणारी कपची डोळ्यात जाण्याचा धोका वेगळाच. सैल पडलेले तुकडेच इतके असतात की फोडाफोडीची गरज भासत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग मात्र प्रत्येक संचाकडे हवे. त्याखेरीज वही, पेन्सिल, न पुसणारा मार्कर, कागदी चिकटपट्टी, जुनी वर्तमानपत्रे आणि कापडी पिशव्या एवढे साहित्य पुरे.

घरी आणण्याच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला फारसे आवडणार नाही. माझा सल्ला असा की आणू नये. नारायण सरोवर अभयारण्य, कच्छ वाळवंट अभयारण्य किंवा छारी ढंढ यांसारख्या संरक्षित क्षेत्रांत तर वन खात्याच्या परवानगीशिवाय उतरूच नये. इतरत्र जमीन कोणाची आहे ते विचारावे, गावच्या सरपंचांना भेटावे, काय करणार आहोत ते सांगावे. भूवारसा स्थळे आणि भू-अवशेष यांच्या जतनासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये एका विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. कायद्याची भाषा ठरेल तशी ठरेल, परंतु ढोसाच्या उघड्या पडलेल्या पट्ट्याला दर हिवाळ्यात येणारे गट पाहता, प्रत्येकाने एकेक नमुना नेला तर काय उरेल याचा हिशेब करायला कायदा लागत नाही. शाळेसाठी किंवा अभ्यासासाठी नमुने हवेच असतील, तर भूजमधील कच्छ विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाशी आधी पत्रव्यवहार करावा आणि त्यांच्या सल्ल्याने, नोंदीसह, मोजकेच घ्यावेत. रस्त्याकडेला कोणी जीवाश्म विकत असेल तर ते कदापि घेऊ नयेत. मागणी निर्माण झाली की उतार खणले जातात, आणि हे थांबवणे कोणाच्याही हाती राहत नाही.

हाड दिसले तर मात्र नियम आणखी कडक आहे. हात लावू नये, माती बाजूला करू नये, छायाचित्र व अक्षांश-रेखांश घेऊन विद्यापीठाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला कळवावे. कच्छमध्ये हे शक्यतेच्या पलीकडचे नाही. लोडाई गावाजवळ इक्थिओसॉर या सागरी सरीसृपाचा सुमारे साडेपाच मीटर लांबीचा, जवळजवळ पूर्ण सांगाडा सापडला. दिल्ली विद्यापीठातील गुंटुपल्ली प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन २०१७ मध्ये प्रसिद्ध केले, आणि भारतातील ज्युरासिक खडकांमधला तो पहिलाच इक्थिओसॉर ठरला. त्याचा काळ ठरवण्यास त्याच थरातील अमोनाइटांचा आधार मिळाला. त्याआधी एखाद्या उत्साही गटाने आजूबाजूचे अमोनाइट वेचून नेले असते, तर हाडे राहूनही त्यांचा काळ सांगणे अवघड झाले असते.

कार्यक्रमाची आखणी अशी करता येईल. पहिल्या दिवशी सकाळी भूजचे कच्छ संग्रहालय पाहावे आणि दुपारनंतर शहरालगतच्या लेर-फकीरवाडी परिसरात जावे, म्हणजे प्रवासाने थकलेल्यांना फार चालावे लागत नाही आणि ढोसाचा थर ओळखीचा होतो. दुसरा पूर्ण दिवस झुरा किंवा कीरा यांपैकी एकाच घुमटाला द्यावा, दोन्ही उरकण्याचा मोह टाळावा. येथे ढोसाच्या बऱ्याच खाली असलेला, सोनेरी झाक असलेल्या दाण्यांचा ऊलाइटही पाहायला मिळतो. मॅक्रोसेफलाइटिस हा फुगीर, जाड वेटोळ्यांचा अमोनाइट याच सुमाराच्या थरांत भेटतो. जुमारा सर्वांत समृद्ध आहे, पण लांब आहे, तिथे वाट आणि सावली दोन्ही कमी, म्हणून तो सशक्त मंडळींसाठी राखून ठेवावा. उरलेल्यांना तिसऱ्या दिवशी पश्चिमेकडे न्यावे. तिथे सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या इओसीन समुद्राच्या चुनखडीत न्युम्युलाइट या एकपेशीय जीवांच्या चपट्या, वर्तुळाकार चकत्यांचा खच पडलेला असतो. एका पेशीचा जीव इतका मोठा होऊ शकतो, हे मुलांना सांगूनही पटत नाही. त्याच भागातील हरुडीच्या आसपास रेमिंग्टनोसीटससारख्या आद्य देवमाशांचे अवशेष मिळाले आहेत, मात्र ते ऐकण्यापुरते, शोधण्यासाठी नव्हे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच योग्य काळ. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पावसाने धुतलेले उतार ताजे असतात, तर पुढे रणोत्सवामुळे भूजमधली हॉटेले आणि गाड्या महाग होतात. अवकाळी पाऊस झाला असेल तर शेलच्या उतारावर त्या दिवशी चढू नये, ओली शेल साबणाहून निसरडी होते. पायात घोट्यापर्यंतचे जाड तळव्याचे बूट हवेत, कारण वेड्या बाभळीचा काटा साध्या चपलेतून आरपार जातो. कच्छ फुरशांसाठी प्रसिद्ध आहे. म्हणून दगड उलटायचा झाल्यास आधी काठीने हलवावा आणि तो आपल्याकडे ओढून उलटावा, म्हणजे खाली काही असल्यास मध्ये दगडाची आड राहते. कपारीत हात घालू नये. माणशी किमान तीन लिटर पाणी घ्यावे आणि भूजहून निघण्यापूर्वी सर्पदंशावर उपचार करणारे रुग्णालय कोणते, ते चालकालाही सांगून ठेवावे. हा सीमावर्ती जिल्हा आहे, तेव्हा प्रत्येकाजवळ मूळ ओळखपत्र असावे, रणाकडे जाणार असाल तर त्याचा परवाना वेगळा काढावा लागतो, आणि ड्रोन घरीच ठेवावा.

वीस-बावीस जण एका मार्गदर्शकासाठी जास्त आहेत. दोन तुकड्या करून दोन जाणकार न्यावेत, आणि ते न जमल्यास आधी निम्म्यांनी जाऊन यावे. परतल्यावर आठवडाभराच्या आत वह्या एकत्र करून प्रत्येक छायाचित्राला ठिकाण, थर, दिनांक आणि पाहणाऱ्याचे नाव जोडावे. महिनाभराने ते काम कोणाकडूनही होत नाही. तयार झालेली यादी कच्छ विद्यापीठाला आणि पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेला पाठवावी. या संस्थेतील पुराजीवशास्त्रज्ञांनी कच्छच्या खडकांवर काम केलेले आहे, आणि एखाद्या छायाचित्राची ओळख पटत नसेल तर विचारण्यासाठी आपल्याला पुण्याबाहेर जावे लागणार नाही.